तबकडीवरचे बारावे गाणे

'द लॉस्ट टेप्स' या सीडीच्या वेष्टनावर अकरा गाण्यांची नावे छापली आहेत. तबकडीत मात्र बारा गाणी आहेत. शेवटच्या गाण्याला यादीत जागा नाही. अकरावे गाणे संपल्यावर ऐकणाऱ्याने यंत्र बंद केले, तर ते आहे हे त्याला कळतही नाही. ते गाणे म्हणतो तो जन्माला न आलेला जीव. गर्भातून तो बाहेरच्या जगाकडे पाहतो आहे आणि साल आहे १९७३.

न्यूयॉर्कचा रॅपर नास याचा हा अल्बम २००२च्या सप्टेंबरमध्ये कोलंबिया या कंपनीने काढला. त्यात नवे असे काही नव्हते. आधीच्या तीन-चार वर्षांत ध्वनिमुद्रित झालेली, पण कोणत्याही अल्बममध्ये न बसलेली गाणी एकत्र केली होती. व्हिडिओ नाही, पाहुणे गायक नाहीत, जाहिरातीचा गाजावाजा नाही. तरीही तो अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिल्याच आठवड्यात दहाव्या क्रमांकावर आला, आणि गेल्या वीस-बावीस वर्षांत त्याची प्रतिष्ठा वाढतच गेली. ज्या 'अधिकृत' अल्बमांमधून ही गाणी वगळली होती, त्यांपैकी काहींपेक्षा हे उरलेसुरलेच सरस आहे, असे म्हणणारे जाणकार आज पुष्कळ आहेत.

मी जुन्या मराठी हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेचा विद्यार्थी. माझा आणि रॅपचा संबंध कसा आला, हे सांगणे भाग आहे, कारण या लेखातला प्रश्न तिथूनच निघतो. २००३च्या सुमारास मुंबईत फोर्टच्या पदपथावर एमपीथ्री गाण्यांच्या चोरट्या सीडी मिळत. एका तबकडीत शंभर-दीडशे गाणी. भाच्यासाठी घेतलेल्या अशा एका तबकडीत नासची काही गाणी होती. गाण्यांची नावे चुकलेली, एकाच गाण्याची दोन वेगवेगळी रूपे, एक गाणे मध्येच तुटलेले. पुढे मूळ सीडी हाती आली तेव्हा क्रम निराळा, काही गाण्यांचा शेवट निराळा. पोथ्यांच्या प्रती ताडून पाहणाऱ्याला हा अनुभव ओळखीचा असतो. लेखनिकांची घराणी असावीत तशी इथे नकलांची घराणी होती. फरक इतकाच, की पोथीच्या बाबतीत मूळ कर्ता शेकडो वर्षांपूर्वी गेलेला असतो. इथे तो जिवंत होता, तिशीही ओलांडलेली नव्हती, आणि आपल्याच गाण्यांच्या नकला रस्त्यावर विकल्या जाताना पाहत होता.

पुलाखालची वसाहत

नासिर बिन ओलू दारा जोन्स याचा जन्म १४ सप्टेंबर १९७३चा, ब्रुकलिनमधला. वाढला तो क्वीन्सब्रिजमध्ये. क्वीन्सबरो पुलाच्या सावलीत १९३९च्या सुमारास उभी राहिलेली ही अमेरिकेतली सर्वांत मोठी सार्वजनिक गृहवसाहत. सहा-सहा मजल्यांच्या विटांच्या इमारती आणि तीन हजारांहून जास्त घरे. मार्ली मार्ल, एमसी शॅन, रोक्झॅन शांते, पुढे मॉब डीप ही हिपहॉपमधली मोठी नावे याच आवारातली. वडील ओलू दारा मिसिसिपीतल्या नॅचेझचे, कॉर्नेट आणि गिटार वाजवणारे, जॅझ आणि ब्लूजच्या वर्तुळात मान असलेले. आई फॅनी अ‍ॅन टपालखात्यात नोकरीला. आईवडील पुढे वेगळे झाले आणि मुले आईपाशी राहिली. नासने आठवीनंतर शाळा सोडली. वाचन मात्र सोडले नाही. १९९२च्या मे महिन्यात त्याचा जिवलग मित्र विली ग्रॅहम गोळीबारात मारला गेला. सगळे त्याला 'इल विल' म्हणत. नासने पुढे आपल्या छापाला त्याचेच नाव दिले, आणि 'द लॉस्ट टेप्स'वरही कोलंबियाच्या जोडीला तेच नाव आहे.

१९९४च्या एप्रिलमध्ये पहिला अल्बम 'इल्मॅटिक' आला. एक प्रास्ताविक आणि नऊ गाणी, सगळे मिळून चाळीस मिनिटांच्या आत. मुखपृष्ठावर वडिलांनी काढलेला लहानपणीचा फोटो, आणि एका गाण्याच्या शेवटी वडिलांचाच कॉर्नेट. विसाव्या वर्षी केलेल्या या कामाची गणना आज अमेरिकन संगीतातल्या अभिजात कृतींमध्ये होते. 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत ते दाखल आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याची दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची आहे. हा अल्बम बाजारात येण्याआधीच त्याच्या चोरट्या नकला फिरू लागल्या होत्या. अल्बमचे कार्यकारी निर्माते एमसी सर्च यांनी पुढे सांगितले, की एका गॅरेजमध्ये साठ हजार चोरट्या प्रती त्यांनी पाहिल्या. म्हणजे नासच्या कारकिर्दीला चोरीची सोबत पहिल्या दिवसापासूनच होती. या वेळी चोरी झाली ती तयार मालाची. पुढच्या वेळी चोरी झाली ती कच्च्या खर्ड्याची.

फुटलेले आत्मचरित्र

१९९६चा दुसरा अल्बम 'इट वॉज रिटन' तुफान खपला. त्यानंतरच्या काळात रॅपमध्ये दुहेरी अल्बमांची लाट होती. टुपाकचा 'ऑल आइज ऑन मी' १९९६चा, नोटोरियस बी.आय.जी.चा 'लाइफ आफ्टर डेथ' १९९७चा, वू-टँगचा 'वू-टँग फॉरएव्हर' त्याच वर्षीचा. मोठा गायक दोन तबकड्या भरून देतो, असा जणू पायंडाच पडला होता. नासनेही १९९८मध्ये तसा घाट घातला. नाव ठरले 'आय अ‍ॅम... दी ऑटोबायोग्राफी'. पंचविशीत आत्मचरित्र! मराठी वाचकाला हे वय थोडे वाटेल. पण क्वीन्सब्रिजमध्ये पंचविशी गाठणे हीच अनेकांसाठी पूर्ण आयुष्याची गोष्ट होती. इल विलला तेवढीही मिळाली नाही.

या आत्मचरित्राचा आरंभ गर्भातून व्हायचा होता. लेखाच्या सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला ते 'फीटस' हे गाणे त्यासाठी लिहिलेले. वडिलांवरचे 'पॉपा वॉज अ प्लेया', एकटेपणी दारू पिणाऱ्या माणसाच्या मनातले 'ड्रंक बाय मायसेल्फ', रहस्यकथेसारखे रचलेले 'ब्लेझ अ फिफ्टी' ही गाणीही याच काळातली.

आणि मग गाणी फुटली. स्टुडिओतून कोणी बाहेर नेली ते बाजूला ठेवू. फुटण्याची वाट कशी तयार झाली ते पाहणे जास्त उद्बोधक आहे. न्यूयॉर्कमध्ये 'मिक्सटेप'ची परंपरा जुनी. डीजे मंडळी गाण्यांचे तुकडे जोडून कॅसेट काढत. नव्वदीच्या दशकात डीजे क्लूसारख्यांनी या कॅसेटचे रूप पालटले. आता तिचे मोल ठरे ते अजून बाहेर न आलेल्या गाण्यांवर. कंपन्याही याकडे काणाडोळा करत, प्रसंगी स्वतःच गाणे पुरवत, कारण रस्त्यावर चर्चा झाली की दुकानात माल खपे. चोरी आणि प्रसिद्धी यांच्यातली रेघ अशी आधीच पुसट झाली होती. त्यात तंत्रज्ञान बदलले. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत विकसित झालेली एमपीथ्री ही पद्धत १९९५नंतर संगणकांवर पसरू लागली. १९९७मध्ये विनॅम्प हा वादक-प्रोग्रॅम आला. १९९८मध्ये खिशात मावणारे एमपीथ्री यंत्र बाजारात आले आणि ते थांबवण्यासाठी कंपन्यांच्या संघटनेने केलेला खटला फसला. गाण्यांची देवघेव घरोघरी नेणारे नॅपस्टर १९९९च्या जूनमध्ये सुरू झाले. नासचा अल्बम त्याच्याही आधी, एप्रिलमध्ये आला. म्हणजे त्याची गाणी फुटली ती या नव्या युगाच्या अगदी उंबरठ्यावर. मोठ्या कलावंताचा अल्बम प्रकाशनापूर्वी एमपीथ्रीच्या रूपात फुटण्याची ही अगदी सुरुवातीची उदाहरणे. कॅसेटची प्रत काढली की आवाज थोडा मळतो, प्रतीची प्रत आणखी मळते. एमपीथ्रीची हजारावी प्रतही पहिलीइतकीच स्वच्छ असते. लेखनिकाचा हात थकला, डोळा चुकला, म्हणून पोथीच्या प्रसाराला जी मर्यादा पडते, ती इथे उरली नाही.

नास आणि कंपनी यांनी फुटलेली बरीच गाणी काढून टाकली, नवी ध्वनिमुद्रित केली, दोन तबकड्यांची एक केली. 'आय अ‍ॅम...' नावाने ती १९९९च्या ६ एप्रिलला निघाली आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये 'नॅस्ट्राडेमस' हा पुढचा अल्बम आला. त्याचे स्वागत थंड झाले. पहिल्या अल्बमचा कवी आता गेला, असे सर्रास बोलले जाऊ लागले. २००१मध्ये जे-झीशी जाहीर भांडण झाले आणि त्यातून आलेल्या 'स्टिलमॅटिक'ने नास पुन्हा उभा राहिला. 'द लॉस्ट टेप्स' निघाला तो त्यानंतर नऊ महिन्यांनी. त्यातली काही गाणी फुटलेल्या आत्मचरित्रातली, बाकीची बरीचशी 'स्टिलमॅटिक'च्या बैठकांमधली.

म्हणून मला अल्बमचे नावच प्रथम तपासावेसे वाटते. या फिती हरवलेल्या नव्हत्या. त्या नको इतक्या सापडल्या होत्या. आपल्याकडे इंद्रायणीत बुडवलेली तुकोबांची गाथा लोकांच्या मुखी होती म्हणून तरली, अशी श्रद्धा आहे. लोकस्मृतीने कृती वाचवणे हा आपल्याला प्रिय असलेला साचा आहे, आणि नासचे चाहते याच साच्यात आपली गोष्ट सांगतात: कंपनीने बुडवले, आम्ही तारले. पण इथे घटनाक्रम उलटा आहे. लोकांच्या हाती पडली म्हणूनच ही गाणी अल्बममधून बुडाली. तारणारे आणि बुडवणारे हात एकच होते.

फडताळातली गाणी

ध्वनिमुद्रित झालेले गाणे बाहेर का येत नाही, याची कारणे चोरीपलीकडेही आहेत. त्यांतले पहिले मालकीचे. अमेरिकेतल्या रूढ करारात कंपनी गायकाला आगाऊ रक्कम देते, स्टुडिओचा खर्च करते आणि तो त्याच्या मानधनातून वसूल करते. मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला 'मास्टर' म्हणतात, ते मात्र कंपनीचे राहते. न निघालेली गाणीही याला अपवाद नसतात. गायकाच्या आयुष्यावरचे गाणे कंपनीच्या कपाटात असते आणि किल्ली गायकाकडे नसते.

दुसरे कारण उसन्या सुरांचे. रॅपची वीण जुन्या तबकड्यांतले तुकडे घेऊन होते. १९९१च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला. गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा त्याने परवानगीशिवाय वापरला होता. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यासाठी मूळ मालकाची लेखी संमती आणि पैसे हा नियमच झाला. संमती आली नाही, किंवा किंमत परवडली नाही, की गाणे फडताळात जाते. 'द लॉस्ट टेप्स'वरच्या 'नो आयडियाज ओरिजिनल'चा पाया बॅरी व्हाइटच्या एका जुन्या प्रेमगीताच्या तालावर आहे. दी अल्केमिस्ट या निर्मात्याने तो घातला. गंमत अशी, की हे गाणेच उसनवारीच्या तत्त्वज्ञानाचे आहे. कल्पना कोणाचीच नवी नसते, सांगण्याची रीत तेवढी ज्याची त्याची, हा त्याचा आशय. आपल्या संतकवींना यात काही वावगे वाटले नसते. न्यायालयाला वाटले.

तिसरे कारण कलावंताच्या स्वतःच्या निवडीचे, आणि ते आपण विसरतो. प्रत्येक न निघालेले गाणे दडपलेले नसते. काही नुसती बाजूला ठेवलेली असतात. कवीच्या वहीतली खोडलेली ओळ वाचताना जी चोरटेपणाची भावना येते, ती इथेही यायला हवी. टुपाकच्या बाबतीत हा प्रश्न अधिक धारदार झाला. १९९६मध्ये तो मारला गेला. पुढच्या वर्षी त्याच्या आईने, अफेनी शकूर यांनी, स्वतःच्या संस्थेतर्फे त्याच्या जुन्या अप्रकाशित गाण्यांचा दुहेरी अल्बम काढला. त्यानंतर असे अल्बम निघतच राहिले. मृत मुलाच्या फिती आईच्या हाती असणे हे कंपनीच्या हाती असण्यापेक्षा नक्कीच बरे. पण यातले कोणते त्याला नकोसे होते, हे विचारायला कोणी उरले नव्हते.

कोलंबियाला हा खेळ नवा नव्हता. बॉब डिलनने १९६७मध्ये साथीदारांसह एका घराच्या तळघरात गाणी मुद्रित केली. त्यांतली काही १९६९मध्ये 'ग्रेट व्हाइट वंडर' या चोरट्या तबकडीवर निघाली आणि रॉक संगीतातल्या चोरट्या तबकड्यांचा धंदाच सुरू झाला. कोलंबियाने 'द बेसमेंट टेप्स' नावाने अधिकृत संकलन काढले ते १९७५मध्ये. 'टेप्स' हा शब्द तिथूनच एक सूचना घेऊन येतो: हे तुम्हाला ऐकायला मिळायचे नव्हते. नासच्या अल्बमच्या नावात त्या सूचनेचा पडसाद आहे. चोरीने तयार केलेले कुतूहल मालकाने आपल्या नावाने विकायला काढले, असेही म्हणता येईल. तरी मला ते पुरेसे वाटत नाही. तसे असते, तर ही तबकडी एक जिज्ञासापूर्तीची वस्तू होऊन संपली असती.

क्रम

ती संपली नाही, याचे कारण तिच्या क्रमात आहे. पहिले गाणे 'डू रॅग्ज'. पियानोचे हळू सूर आणि त्यावर ऐंशीच्या दशकातल्या क्वीन्सब्रिजच्या आठवणी. त्यात कोणाला आव्हान नाही की स्वतःची बढाई नाही. अंगणात बसून कोणी जुने सांगावे तसा सूर आहे. मग 'माय वे', 'यू गॉटा लव्ह इट', 'नथिंग लास्ट्स फॉरएव्हर'. तीन वर्षांच्या अंतराने, वेगवेगळ्या निर्मात्यांनी केलेली गाणी असूनही आवाजाची पट्टी एकच राहते. तेव्हाच्या नासच्या अधिकृत अल्बमांमध्ये क्लबात वाजतील अशी एक-दोन गाणी, रेडिओसाठी एखादे, नामांकित पाहुण्यासोबत एखादे, असा हिशेब असे. इथे हिशेब करायला कोणी बसलेच नव्हते, कारण या गाण्यांनी कमवावे अशी अपेक्षाच नव्हती. बाजाराने जे नाकारले त्यात बाजाराची नजर कमी असते. उरलेसुरले सरस ठरते ते बहुधा यामुळे.

'ब्लेझ अ फिफ्टी' हे गाणे आपल्या विषयावर भाष्य करते असे मला नेहमी वाटते. कट, खून, पैसा अशी ती कथा आहे. शेवट होतो, आणि निवेदकाला तो पटत नाही. फीत मागे फिरवल्याचा आवाज येतो आणि शेवट पुन्हा सांगितला जातो, वेगळा. पाठभेद एकाच गाण्याच्या पोटात! कर्ता स्वतःच लेखनिक होऊन दुसरी प्रत लिहितो आणि पहिली खोडत नाही.

पुढे 'पर्पल', 'ड्रंक बाय मायसेल्फ', 'ब्लॅक झॉम्बी' अशी उतरत गेलेली संध्याकाळ. अखेरीस छापील यादीतले शेवटचे गाणे, 'पॉपा वॉज अ प्लेया'. त्याच्या निर्मितीत तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नसलेल्या कान्ये वेस्टचा हात होता. बाप घरात कमी, बाहेर जास्त. परस्त्रिया, आईशी भांडणे, वाद्य घेऊन गावोगाव फिरणे. मुलगा यातले काही लपवत नाही, आणि तरीही बापावरचे प्रेम मागे घेत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वडिलांविषयी बाहेरचे लोक एकच गोष्ट सांगतात, ते नसतात ही. हे गाणे त्या गोष्टीत एक अवघड दुरुस्ती करते. हा बाप होता. जसा होता तसा होता.

आणि मग यादीबाहेरचे 'फीटस'. आत्मचरित्राचा जो आरंभ होता तो इथे अखेरीला आला, तोही नाव न छापता. यादीत नसलेले गाणे तबकडीच्या शेवटी ठेवण्याची रीत बीटल्सच्या 'अ‍ॅबी रोड'पासून ओळखीची आहे. म्हणून यामागे फार मोठी योजना होती, असा दावा मी करणार नाही. पण ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम नाकारता येत नाही. बापाच्या गाण्यानंतर शांतता, आणि शांततेनंतर आईचे पोट. नासची आई २००२च्या एप्रिलमध्ये कर्करोगाने गेली. ही तबकडी दुकानात आली तेव्हा त्याला पाच महिने झाले होते. गाणे जुने होते, आई असतानाचे. जगाने ते अधिकृतपणे ऐकले तेव्हा ती नव्हती. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आलेल्या 'गॉड्स सन'मध्ये आईसाठी वेगळे गाणे आहे. पण माझ्या मनात आईचे गाणे म्हटले की हे यादीबाहेरचेच येते.

मुख्य पाठ आणि परिशिष्ट

नासच्या चाहत्यांनी मूळ दुहेरी आत्मचरित्राची पुनर्रचना करण्याचे अनेक प्रयत्न केले आहेत. फुटलेली गाणी, 'आय अ‍ॅम...'मध्ये राहिलेली, 'नॅस्ट्राडेमस'मध्ये गेलेली, 'द लॉस्ट टेप्स'वर आलेली, अशी सगळी जमवून प्रत्येकाने आपापला क्रम लावला. कोणतेही दोन क्रम सारखे नाहीत. यावर हसू येण्याआधी पुण्यातल्या भांडारकर संस्थेची आठवण यावी. महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांवरून सुकथनकरांनी आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. आदिपर्व १९३३ साली पुरे झाले, सारी पर्वे १९६६पर्यंत. त्या आवृत्तीतला पाठ जसाच्या तसा कोणत्याही एका पोथीत सापडत नाही. तो उपलब्ध प्रतींवरून जाता येईल तितके मागे जाऊन उभा केलेला आहे. संपादकांनी जे वगळले ते फेकले नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले.

गर्भातल्या अभिमन्यूने चक्रव्यूहाचा भेद ऐकला आणि बाहेर पडण्याचे ऐकायचे राहून गेले, ही कथा मराठी घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. ती चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. तिथला अभिमन्यू एवढेच सांगतो, की वडिलांनी मला आत शिरायला शिकवले आहे, बाहेर पडायला नाही. गर्भाची कथा परंपरेत मागाहून आली. आणि तरी लोकांनी स्वीकारली ती तीच. मुख्य पाठ संपादकांचा असेल. स्मरणातला पाठ लोकांचा असतो.

'फीटस'चे मला असेच वाटते. अधिकृत आत्मचरित्रात जागा न मिळालेले, संकलनातही यादीबाहेर राहिलेले हे गर्भातले निवेदन. तरी नासच्या गाण्यांविषयी बोलायला बसलेली माणसे त्याच्यापाशी येऊन थांबतात. फरक एकच, आणि तो लहान नाही. महाभारताच्या संपादकाला व्यासांची परवानगी मागण्याचा प्रश्नच नव्हता. नासच्या चाहत्याने जी पुनर्रचना केली ती जिवंत माणसाच्या मोडलेल्या बेताची आहे. मूळ क्रम हरवला तो काळाच्या ओघात नाही. ज्यांना तो आज हवा आहे, त्यांच्यासारख्यांच्याच उतावळेपणाने तो मोडला. माझी पदपथावरची तबकडी धरून.

दुसऱ्या फिती, दुसरे शहर

पुढच्या भागाचे नाव ठरले, तारीख ठरली, आणि अल्बम आला नाही. तेव्हा नास डेफ जॅम या कंपनीकडे होता. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये त्याने कंपनीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले संतप्त पत्र बाहेर फुटले. माझी गाणी बाहेर येऊ द्या, हे त्याचे सार. बारा वर्षांपूर्वी ज्याची गाणी त्याच्या मर्जीविरुद्ध फुटली होती, तो आता गाणी निघत नाहीत म्हणून झगडत होता. दोन्ही वेळी तक्रार एकच होती: माझे काम केव्हा आणि कसे लोकांसमोर जावे, हे मी ठरवणार. 'द लॉस्ट टेप्स २' अखेर २०१९च्या जुलैमध्ये आला, डेफ जॅमच्या जोडीला मास अपील या संस्थेच्या छापाने. मास अपीलमध्ये नासची स्वतःची भागीदारी आहे.

त्याच वर्षी या कथेत मुंबई येते. झोया अख्तर यांचा 'गली बॉय' फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. त्याच्या कार्यकारी निर्मात्यांत नासचे नाव होते आणि न्यूयॉर्क-मुंबई जोडणाऱ्या गाण्यात डिव्हाइन आणि नेझी यांच्यासोबत त्याचा आवाजही. त्याच वर्षी मास अपीलची भारतातली शाखा मुंबईत सुरू झाली, आणि तिने करारबद्ध केलेला पहिला रॅपर होता अंधेरीचा डिव्हाइन. मुंबईत आज हिंदी रॅपबरोबर मराठीतही रॅप होते. 'स्वदेसी' या चमूतला एमसी मवाली मराठीत लिहितो. ही मुले वहीत कमी, फोनमध्ये जास्त लिहितात. अर्धवट गाणी, टाकून दिलेले मुखडे, एका ओळीची चार रूपे, सारे त्या यंत्रात. फोन बदलला की बहुतेक जाते. चोरायला कोणी येण्याआधीच ते नाहीसे होते.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात २००२मध्ये, म्हणजे 'द लॉस्ट टेप्स' निघाला त्याच वर्षी, हिपहॉपचा अभिलेखसंग्रह उभा राहिला. पुढे २०१३मध्ये तिथे नासच्या नावाची अभ्यासवृत्तीही सुरू झाली. आठवीनंतर शाळा सोडलेल्या मुलाच्या नावाने. आपल्याकडे पोथ्यांसाठी संस्था आहेत, आणि त्यांच्याही अडचणी आम्ही जाणतो. फितींसाठी काय आहे? शाहिरांच्या, भीमगीतांच्या, तमाशाच्या वगांच्या घरगुती कॅसेट कपाटांवर धूळ खात असतात. त्या मुद्रित करणाऱ्यांपैकी कित्येक आज हयात आहेत. त्यांना विचारता येईल: यातले काय ठेवायचे, काय नाही, आणि कोणत्या क्रमाने. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला असे विचारायची संधी सहसा मिळत नाही. आम्ही नेहमीच उशिरा पोचलेले असतो.

पदपथावरची ती एमपीथ्री तबकडी अजून माझ्याकडे आहे. त्यात 'फीटस' सुरुवातीला होते. नाव चुकीचे, आवाज फाटका, पण पहिले. मूळ सीडीत ते शेवटी आहे. कोणता क्रम खरा, हे मी ठरवू शकत नाही आणि आता ठरवावेसेही वाटत नाही. दोन्ही प्रती मी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, पोथ्या ठेवाव्यात तशा, आणि दोघींवर त्या कुठून आल्या ते लिहून ठेवले आहे.